मुकादम कोणत्या प्रकरणात येतो?

काही वर्षांपूर्वी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत एक विद्यार्थिनी माझ्यासमोर बसली होती. ‘साखर कारखान्यातील मानव संसाधन व्यवस्थापन’ हा तिच्या प्रकल्पाचा विषय. पन्नास प्रश्नावल्या, वर्तुळाकृती आलेख, आणि शेवटी ‘बहुसंख्य कर्मचारी समाधानी आहेत’ असा निष्कर्ष. असे प्रकल्प मी शेकड्याने तपासले आहेत; त्यांतले कर्मचारी नेहमीच बहुसंख्येने समाधानी असतात. मी सरावाने विचारले, “भरतीचे मार्ग सांग.” तिने अंतर्गत आणि बाह्य असे दोन्ही मार्ग घडाघडा सांगितले: बढती, बदली, जाहिरात, सेवायोजन कार्यालय, महाविद्यालयीन मुलाखती. मग थोडी थांबून म्हणाली, “सर, एक विचारू? मुकादम कोणत्या प्रकरणात येतो?”

तिचे आईवडील दर वर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात. ती आजीजवळ राहून आणि गावातल्या हंगामी वसतिगृहात जेवून शिकली होती. ज्या कारखान्यावर तिने प्रकल्प केला, त्याच प्रकारच्या कारखान्याच्या फडात तिच्या आईची कंबर गेली होती. आणि तिच्या प्रकल्पात आईला जागा नव्हती, कारण आई त्या कारखान्याची ‘कर्मचारी’ नव्हती. मी तिला काहीतरी उत्तर दिले. ‘असंघटित क्षेत्र आपल्या अभ्यासक्रमाच्या बाहेर आहे’ अशासारखे. गुण चांगले दिले. पण तो प्रश्न गेला नाही, आणि त्यातूनच हा लेख लिहिण्याचे धाडस करतो आहे.

धाडस म्हणतो, कारण वाङ्मयीन नियतकालिकाच्या वाचकाला पदवी परीक्षेचे पाठ्यपुस्तक हा समीक्षेचा विषय वाटत नाही. कथा, कविता, आत्मचरित्र यांची समीक्षा होते. पाठ्यपुस्तक वापरले जाते आणि परीक्षा झाली की रद्दीत जाते. परंतु ग्रामीण महाराष्ट्रातल्या वाणिज्य शाखेच्या मुलामुलींनी माणसाविषयी आणि श्रमाविषयी सलग वाचलेले कदाचित हे एकच पुस्तक असते. त्यामुळे त्यात माणूस कसा दिसतो हे पाहायला हवे. दुसरे कारण अधिक वैयक्तिक आहे. असे एक पुस्तक मीही लिहिले आहे. त्याच्या काही आवृत्त्या निघाल्या. पुढे जे दोष दाखवणार आहे ते त्या पुस्तकातही आहेत.

या पुस्तकांचा साचा ठरलेला असतो. अर्थ, व्याख्या, वैशिष्ट्ये, उद्दिष्टे, महत्त्व, मर्यादा. मनुष्यबळ नियोजन, भरती, निवड, प्रशिक्षण, कार्यमूल्यमापन, प्रेरणा, तक्रार निवारण, प्रत्येक प्रकरण याच सहा पायऱ्या चढते आणि ‘टिपा लिहा’वर संपते. वाक्यांना कर्ता नसतो. ‘कर्मचाऱ्यांची निवड केली जाते’, ‘वेतन निश्चित केले जाते’, ‘शिस्तभंगाची कारवाई केली जाते’. कोण करते? पुस्तकभर कर्मणी प्रयोग असल्याने हा प्रश्न उपस्थितच होत नाही. मी स्वतः हे वाक्य कितीदा लिहिले असेल! लिहिताना ते शास्त्रीय वाटते. आता वाचताना दिसते की ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला वाक्यातून उचलून बाजूला ठेवण्याची ही सोय आहे.

आता शब्द पाहू. माझ्या विद्यार्थिदशेत या विषयाला ‘कर्मचारी व्यवस्थापन’ म्हणत. मग ते ‘मानव संसाधन व्यवस्थापन’ झाले. इंग्रजीतल्या मूळ शब्दाला व्यवस्थापनशास्त्रात वजन मिळाले त्यात पीटर ड्रकरच्या १९५४ च्या ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’चा वाटा मोठा आहे. आपल्याकडे १९७० च्या दशकाच्या मध्यावर लार्सन अँड टुब्रो कंपनीत उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी या नव्या दृष्टीने विभागाची आखणी केली. कर्मचाऱ्यावर होणारा खर्च हा खर्च न मानता गुंतवणूक मानावी, माणसाची वाढ होऊ द्यावी, हा त्यामागचा विचार होता आणि तो हलका नव्हता. १९८५ मध्ये केंद्र सरकारने शिक्षण खात्यालाच हे नाव दिले आणि २०२० मध्ये पुन्हा शिक्षण मंत्रालय केले. त्या पस्तीस वर्षांत मराठी वृत्तपत्रे त्याला बहुतेक वेळा ‘मनुष्यबळ विकास मंत्रालय’ म्हणत राहिली. मला हा मराठी शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. बळ माणसाच्या अंगात असते, ते त्याचे असते. तो ते देऊ शकतो आणि रोखूनही धरू शकतो. संसाधन दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगाचे असते. पाठ्यपुस्तकांनी मात्र संसाधनच पसंत केले आणि ‘मनुष्यबळ’ केवळ नियोजनाच्या प्रकरणापुरते ठेवले.

अर्थात माणसाला साधनाच्या नावाने हाक मारण्याची रीत व्यवस्थापनशास्त्राने आणलेली नाही. ऊसतोडीच्या व्यवहारात नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा माणूस असेल तर ‘अर्धा कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबाने, आणि टोळी किती कोयत्यांची हे विचारले जाते. त्या विद्यार्थिनीला ‘संसाधन’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती. तो घरातच होता, फक्त त्याला धार होती.

पाठ्यपुस्तकाचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. हे पुस्तक स्वतःच्या शास्त्राचा इतिहाससुद्धा नीट सांगत नाही. टेलरच्या १९११ च्या ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट’वर आम्ही पाच मुद्दे लिहितो. मूळ पुस्तकात एक माणूस आहे. टेलर त्याला श्मिट म्हणतो. बेथलेहेम पोलाद कारखान्यात बिडाचे ठोकळे उचलणारा हा मजूर दिवसाला साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर गेला आणि त्याची मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी जास्त. हा हिशेब टेलरने लपवलेला नाही, उलट त्याचे समर्थन केले आहे. त्याने हेही नोंदवले आहे की श्मिटने एक छोटा जमिनीचा तुकडा घेतला होता आणि कामाआधी व कामानंतर तो स्वतःच्या घराच्या भिंती उभारत होता. टेलरची दृष्टी कठोर असेल, पण त्याच्या पानावर माणूस दिसतो. त्याच्याशी वाद घालता येतो. आमच्या पाच मुद्द्यांशी वाद घालता येत नाही, ते फक्त पाठ करता येतात.

हॉथॉर्नचे उदाहरण तर याहून बोलके आहे. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोग प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतात. आम्ही शिकवतो ते असे: प्रकाश वाढवला, उत्पादन वाढले, प्रकाश कमी केला, तरीही वाढले, म्हणजे माणसाकडे लक्ष दिले की तो जास्त काम करतो. एल्टन मेयो यांचे नाव, चार गुण. पण १९२७ मध्ये रिले जोडणीच्या खोलीत ज्या पाच मुली निवडून बसवल्या होत्या, त्यांतल्या दोघींना १९२८ च्या सुरुवातीला काढून टाकले आणि त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या. कारण त्या फार बोलत आणि सहकार्य करत नसत. त्यानंतर उत्पादनाने उचल खाल्ली. लक्ष दिल्याने उत्पादन वाढते असे सांगणाऱ्या धड्यात ही बदललेली दोन माणसे नसतात.

याच मालिकेतला शेवटचा, १९३१-३२ चा प्रयोग आम्ही बहुधा एका ओळीत उरकतो. टेलिफोन यंत्रणेच्या तारा जोडणारे चौदा पुरुष एका खोलीत ठेवून त्यांचे फक्त निरीक्षण केले गेले. निघाले असे की दिवसाला किती काम करायचे हे त्या माणसांनी आपसांत ठरवले होते. त्याहून जास्त करणाऱ्याच्या दंडावर सहकारी गुद्दा मारत. फार कमी करणाऱ्यालाही माफी नव्हती. साहेबाकडे चुगली करणारा सर्वांत वाईट. काळ महामंदीचा होता. काम लवकर संपले तर नोकरी जाईल किंवा दर उतरतील ही भीती होती. ही चौदा माणसे ‘प्रेरणेचा अभाव’ असलेली नव्हती. ती आपले बळ मोजूनमापून देत होती. व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलाला कारखाना म्हणजे काय हे समजायला या खोलीइतकी चांगली जागा नाही. पण तिथे निष्कर्ष सोयीचा निघत नाही, म्हणून तिला एक ओळ.

मॅस्लोबद्दल थोडक्यात. गरजांचा जो त्रिकोण आम्ही फळ्यावर काढतो तो त्याच्या १९४३ च्या निबंधात नाही. तो नंतरच्या व्यवस्थापन लेखकांनी काढला. आणि हा क्रम पक्का नसतो, माणसागणिक उलटसुलट होतो, असे मॅस्लोने त्याच निबंधात मान्य केले होते. पोरीच्या शिक्षणासाठी स्वतः अर्धपोटी राहणारी आई ज्यांनी पाहिली आहे, त्या मुलांना आम्ही पक्का त्रिकोण शिकवतो.

आता मुकादमाकडे येतो. माझ्या मते तो पहिल्या प्रकरणात यायला हवा, कारण आपल्याकडे या शास्त्राचा जन्मच त्याच्यामुळे झाला. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगाराची भरती साहेब करत नसे, जॉबर करत असे. तोच गावाकडून, आपल्या जातभाईंतून माणसे आणी, तोच काम देई, तोच काढून टाकी, तोच कर्ज देई. स्त्रियांच्या खात्यांत नायकिणी असत. नोकरी मिळवायला आणि टिकवायला दस्तुरी द्यावी लागे. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली आणि भरती जॉबरच्या हातून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावी असे सुचवले. १९३४ च्या मुंबई औद्योगिक तंटे सलोखा कायद्याने सरकारी कामगार अधिकारी आला. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४९ व्या कलमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. आजचा ‘एचआर’ या अधिकाऱ्याचा वारस आहे. म्हणजे मुकादमाला हटवण्यासाठी जे पद निर्माण झाले, त्या पदाचा अभ्यास आम्ही शिकवतो आणि मुकादमाचे नाव घेत नाही.

‘बदली’ हा एकच शब्द घ्या. पाठ्यपुस्तकात बदली म्हणजे एका विभागातून दुसऱ्या विभागात जाणे. तिचे हेतू, प्रकार, फायदे असतात. गिरणगावात बदली हा माणूस होता. कायम जागा नसलेला, रोज सकाळी गेटवर उभा राहणारा, कोणी आजारी पडला किंवा गावी गेला तर त्या दिवसापुरते काम मिळणारा. त्याची नोंदणी करून त्याला जॉबरच्या मर्जीतून थोडेफार सोडवण्यासाठी गिरणी मालकांनीच १९३५ मध्ये योजना आणली. एवढा इतिहास पोटात असलेला शब्द आमच्या पुस्तकात कोरा होऊन येतो.

जातीचेही तसेच. ‘कार्यबलातील विविधता’ असे एक उपप्रकरण अलीकडे जोडले गेले आहे. त्यात परदेशी कंपन्यांची धोरणे असतात. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि तो ‘बाटे’. सवर्ण कामगारांचा यावर कटाक्ष होता आणि मालकांची त्याला हरकत नव्हती. चांगल्या मजुरीचे खाते एका धाग्याने बंद झाले होते. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खात्याचे सदस्य होते. कामगार कायदे शिकवणाऱ्या पुस्तकांतसुद्धा ही गोष्ट क्वचित येते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा भरवून संघटना उभी केली, १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. ‘कार्य-जीवन समतोल’ या टिपेत आमचे विद्यार्थी अमेरिकी कंपन्यांची नावे लिहितात आणि रविवारी घरी बसून ती पाठ करतात.

इथे साहित्याने काय केले हे पाहिले की पाठ्यपुस्तकाचे दारिद्र्य जास्त जाणवते. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेचा नायक रेल्वेत नोकरी मिळाल्यावर परगावी जातो, राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. ‘नवीन कर्मचाऱ्याचा परिचय व समायोजन’ असे एक प्रकरण आमच्याकडे असते. या कथेइतके त्या विषयावर मी काही वाचलेले नाही. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप एका घरात शिरून काय करतो ते दिसते. आमच्या पुस्तकात संप ‘औद्योगिक अशांततेची कारणे’ या मथळ्याखाली आर्थिक, मानसिक, राजकीय अशा तीन रकान्यांत असतो. सुमारे अडीच लाख कामगारांचा संप, जो रीतसर मागेही घेतला गेला नाही, त्याचा उल्लेख मी माझ्या पुस्तकात दोन ओळींत केला होता. दुसऱ्या आवृत्तीत जागेअभावी तो गाळला.

यावर माझे सहकारी म्हणतात की हा अभ्यासक्रम नोकरीसाठी आहे, इतिहासासाठी नाही. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. या विषयाने आमच्या भागातल्या कितीतरी मुलींना पहिली पगाराची नोकरी दिली आहे. विक्रीच्या नोकरीला मोटारसायकल लागते आणि रात्री-अपरात्री फिरावे लागते. हजेरीपट, भविष्य निर्वाह निधी, राज्य विम्याचे अर्ज हे काम कचेरीत बसून होते, म्हणून घरचे पाठवतात. पण नोकरीच्याच दृष्टीने पाहिले तरी प्रश्न उरतो. ही मुलगी ज्या औद्योगिक वसाहतीत जाणार तिथे बहुसंख्य हात कंत्राटी असतात. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेल्या तरतुदीनुसार ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे तिला पहिल्या महिन्यातच लागणार आहे. २०१९ आणि २०२० मध्ये संसदेने एकोणतीस कामगार कायदे चार संहितांत बसवले. आमची पुस्तके त्या संहितांची नावे देतात, पण त्यांनी कोणाचे काय बदलते हे सांगत नाहीत. म्हणजे इतिहासही नाही आणि धंद्याची विद्याही अर्धीच.

त्या तोंडी परीक्षेनंतर पुढच्या वर्षी मी एक प्रयोग केला. ‘अनुपस्थिती’ हे प्रकरण शिकवताना पुस्तक बंद ठेवले आणि वर्गाला विचारले, तुमच्याकडे याला काय म्हणतात? “खाडा,” मागच्या बाकावरून उत्तर आले. मग खाड्याचे पैसे कसे कापतात, आजारपणाचा खाडा धरतात का, बाळंतपणाचा धरतात का, असे एकेक निघत गेले. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, हे मी वर्गात सांगितले. पाळीच्या चार दिवसांचा खाडा परवडत नाही हे त्यामागचे एक कारण होते. वर्गात मुली होत्या. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकीने वहीत ‘अनुपस्थितीची कारणे’ असा मथळा लिहिला आणि त्याखाली काय लिहायचे म्हणून माझ्याकडे पाहत राहिली. परीक्षेत तो प्रश्न आला तेव्हा बहुतेकांनी पुस्तकातलेच सात मुद्दे लिहिले. त्यांचे बरोबर होते. पेपर तपासणारा मी एकटा नसतो.

पुस्तकाची नवी आवृत्ती मी काढली नाही. प्रकाशक दोनदा येऊन गेले. मुकादमावर एक प्रकरण घालू द्या म्हटले, तर ते म्हणाले, “सर, अभ्यासक्रमात नसेल तर पोरं घेणार नाहीत.”

ती विद्यार्थिनी आता चाकणच्या बाजूला एका ठेकेदाराच्या कचेरीत एचआरचे काम करते. मागच्या आषाढात तिचा फोन आला. खुशाली झाली, आईच्या कंबरेची चौकशी झाली. मग म्हणाली, “सर, ते दोनशे चाळीस दिवसांचं आपल्या कुठल्या प्रकरणात होतं? मला आठवंना.” वर्षभरात २४० दिवस काम केलेल्या कामगाराची सेवा अखंड धरायची, आणि मग त्याला कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस व दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यायचा, ही औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आलेली तरतूद. तो आकडा गाठण्याआधी ज्यांना ‘ब्रेक’ द्यायचा, त्यांची यादी दर महिन्याला करणे हे तिचे काम होते. या महिन्याच्या यादीत तिच्या गावचे दोघे होते.

आमच्या पुस्तकात ते नव्हते, हे मी तिला सांगितले. मग कलम सांगू लागलो. “कलम पाठ आहे, सर,” ती म्हणाली. “यादी उद्या अकराला द्यायचीय.”